पाणदरवाजा फोडणारा वीर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पुण्यात 1878 साली सुरू झालेल्या चित्रशाळा छापखान्याबद्दल लिहिलं होतं. घराघरांत लागलेल्या देवदेवतांच्या आणि ऐतिहासिक पुरुषांच्या रंगीत चित्रांविषयी लिहिताना, जपानात त्याआधी कितीतरी वर्षं लाकडी ठशांवर शूरवीरांची चित्रं छापून विकत असत, एवढं एकच वाक्य मी घातलं. या महिन्याची बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावर आली आहेत. म्हणून ही खेप त्यालाच देतो.

प्रश्न : आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या पावत्यांखाली एक कागदी चित्र सापडलं. उघड्या अंगाचा एक पिळदार माणूस पाण्यात आहे, दातांत तलवार धरली आहे आणि हातांनी जाड गज मोडतो आहे. कडेला जपानी अक्षरं आहेत. आजोबा मिलच्या कचेरीत होते, सुताच्या व्यवहारासाठी त्यांचं मुंबईला जाणं-येणं असे. हा माणूस कोण? आणि चित्र खरं आहे की कॅलेंडरसारखं नुसतं छापलेलं? (एक वाचक, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : तुमचे फोटो मिळाले तेव्हाच मी कळवलं होतं की फोटोवरून काही बोलणार नाही, चित्र घेऊन या. तुम्ही ते दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, वर चादर गुंडाळून रिक्षाने आणलंत. असंच आणायला हवं. गुंडाळी करून रबर लावून आणलं असतं तर घड्या पडल्या असत्या.

आधी माणूस कोण ते सांगतो. हा चांग शुन. जपानी लोक त्याला चोजुन म्हणतात. चीनमध्ये एक जुनी आणि अतिशय लोकप्रिय कादंबरी आहे. भ्रष्ट अधिकाऱ्यांच्या जाचाला कंटाळून, कुणी खून करून, कुणी खोट्या आरोपात अडकून, असे 108 जण लियांगशान नावाच्या दलदलीच्या मुलखात जमतात आणि सरकारी फौजांना पाणी पाजतात, अशी तिची गोष्ट. चांग शुन त्यांतला पाण्याचा राजा. मूळचा नदीकाठचा, मासळीच्या धंद्यातला. अंगाने गोरापान, आणि पोहायला लागला की लाटांवर पांढरी रेघ उमटावी तसा दिसे, म्हणून त्याला नावही तसंच पडलेलं. पुढे या बंडखोरांना बादशहाकडून माफी मिळते आणि त्यांनाच दुसऱ्या बंडखोरांवर लढायला पाठवलं जातं. हांगचौ शहराला वेढा पडतो. रात्री एकट्याने तळ्यातून पोहत जायचं, पाणदरवाजातून शहरात शिरायचं आणि आत आग लावून बाहेरच्यांना इशारा द्यायचा, असा बेत चांग शुन करतो. पण पाण्यात जाळी आहे, जाळीला दोर आहेत आणि दोरांना घंटा बांधलेल्या आहेत. घंटा वाजतात. वरून बाणांचा आणि दगडांचा मारा होतो आणि तो पाण्यातच मरतो.

चित्रकाराने नेमका कोणता क्षण धरला आहे ते बघा. मरणाचा नाही, त्याच्या आधीचा. गज हलले आहेत, दात तलवारीवर आवळलेले आहेत, डोळे वर लागले आहेत. त्या काळच्या जपानी गिऱ्हाइकाला पुढचं सगळं ठाऊक होतं, त्यामुळे घंटा वाजणार हे चित्र बघतानाच त्याच्या मनात असणार. गोष्ट माहीत असलेल्या लोकांसाठी काढलेलं चित्र असं असतं.

काढणारा उतागावा कुनियोशी, 1798 ते 1861, राहणार एदो, म्हणजे आजचं तोक्यो. बाप रेशीम रंगवणारा. हे वाचून सोलापूरकराचे कान टवकारले पाहिजेत! मी उभा जन्म जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, ग्राफवर काढला, अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत चादरींची डिझाईनं केली, आणि रंगाऱ्याच्या घरातल्या पोराला नक्षी कशी दिसते हे मला थोडंफार कळतं. कुनियोशीच्या वीरांच्या अंगावरचं कापड बघा. एकाच बाहीवर तीन-तीन नमुने, आणि घडी पडली की नमुनाही तिच्याबरोबर मोडतो, वळतो. लहानपणी बापाच्या हाताखाली कापडाचे नमुने काढलेल्या माणसाचंच हे काम.

चौदा-पंधराव्या वर्षी तो तोयोकुनी या मोठ्या चित्रकाराच्या हाताखाली गेला. शिकून बाहेर पडला आणि मग कितीतरी वर्षं त्याला कुणी विचारीना. पोटासाठी चटया विकल्या असंही सांगतात. 1827 च्या सुमारास कागाया किचिएमोन या प्रकाशकाने त्याच्याकडून या 108 वीरांतल्या काहींची चित्रं करून घेतली. ती अशी खपली की पुढे मालिकाच झाली. पंच्याहत्तरच्या आसपास चित्रं निघाली. तुमचं चित्र त्याच मालिकेतलं. एदोत एका चित्राची किंमत वाडगाभर शेवयांच्या रश्शाएवढी असे. हमाल, सुतार, आग विझवणारे, दुकानातली पोरं ही चित्रं विकत घेत आणि भिंतीला चिकटवत.

आता दुसरा प्रश्न, ‘खरं की छापलेलं’. छापलेलंच खरं आहे. या कलेत हाताने रंगवलेली ‘मूळ प्रत’ अशी चीज उरतच नाही. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेघांचं चित्र काढून देतो. कोरणारा तो कागद जंगली चेरीच्या फळीवर पालथा चिकटवतो आणि रेघ सोडून बाकीचं लाकूड कोरत जातो. फळी तयार होते तेव्हा चित्रकाराचं चित्र तिच्यावरच कोरून नाहीसं झालेलं असतं. त्या फळीवरून काळ्या रेघांच्या प्रती काढायच्या, प्रत्येकीवर एकेका रंगाची जागा दाखवायची, आणि रंगागणिक निराळा ठसा कोरायचा. मग छापणारा पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची खळ ब्रशने ठशावर पसरतो, ओलसर कागद वर ठेवतो आणि बांबूच्या चकतीने पाठीमागून घासतो. छापयंत्र कुठेच नाही. सगळा दाब मनगटाचा.

एकावर एक इतके ठसे बसवायचे आणि रंग रेघेबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे जमतं दोन खुणांवर. प्रत्येक फळीच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच असते आणि त्याच कडेला थोडं पुढे एक सरळ खाच. कागदाचा कोपरा काटकोनात आणि कड सरळ खाचेत बसली की रंग आपापल्या जागी पडतो. आमच्याकडे जकार्डला आडव्या धाग्यागणिक एक भोकं पाडलेलं कार्ड असतं, आणि कार्डात एक भोक चुकलं की अख्ख्या चादरीवर दोष उतरतो. तिथेही खाच केसभर सरकली की वीराच्या ओठाचा रंग गालावर. कारागिराला या धाकाची सवय करूनच घ्यावी लागते.

तुमचं चित्र मी माझ्या पिक ग्लासखाली बघितलं. इंचात किती धागे आहेत ते मोजायचं आमचं हे भिंग. माझ्याकडे अजून जुनं पितळी आहे. पहिल्यांदा कानशिलाजवळचे केस बघितले. तिथे एकेक केस निराळा आहे, मुळाशी किंचित जाड आणि टोकाला निमुळता. दोन केसांच्या मधलं लाकूड सुरीच्या टोकाने काढून हा केस उभा ठेवलेला असतो. कारखान्यातला सगळ्यात मुरलेला कोरणारा हे काम करी. कपडे आणि पाणी शिकाऊ हातांकडे जाई. कॅलेंडरच्या छपाईत भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसते. इथे ठिपके नाहीत, रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला आहे.

मग चित्र पालथं केलं. पाठीवर रंग झिरपलेला आहे आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं की घासल्याच्या गोल वळ्या दिसतात. तुम्ही त्या बघून म्हणालात, ‘हे डाग जातील का?’ जाऊ देऊ नका. छापणाऱ्याचा हात कसा फिरला, हे फक्त तिथेच दिसतं. चित्रावर चित्रकाराचं नाव आहे, प्रकाशकाची खूण आहे. ज्याने केस कोरले आणि ज्याने घासून रंग उतरवला त्यांची नावं नाहीत. चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचं लेबल असतं, ग्राफ काढणाऱ्याचं नाव कुठे असतं? म्हणून मी असं चित्र आधी पाठीकडून बघतो.

प्रत केव्हाची असावी? सहीजवळ एक लहान गोल शिक्का आहे, त्यात एकच अक्षर. चित्र छापायला परवानगी मिळाल्याची ती खूण. असे शिक्के 1842 पर्यंत चालले, नंतर पद्धत बदलली. पण नुसत्या शिक्क्यावर भिस्त ठेवू नका, कारण मागाहून ठसे नव्याने कोरणारे शिक्काही कोरत. कागदाचं माप पंधरा इंच बाय दहाच्या जवळ आहे, म्हणजे तिकडचं नेहमीचं मोठं माप. कडा थोड्या कापलेल्या दिसतात. पाण्याचा निळा गडद आहे. असा परदेशी निळा एदोत साधारण 1830 पासून सर्रास वापरात आला, तेव्हा ही अगदी पहिल्या खेपेची प्रत नसावी. भडक जांभळट लाल कुठे नाही. तो रासायनिक लाल पुढच्या काळात आला. गजांच्या दोन-तीन ठिकाणी काळी रेघ तुटली आहे, म्हणजे ठसा बराच वापरून झिजला होता. माझा कौल असा की ही एकोणिसाव्या शतकातली, उशिराच्या खेपेची पण हाताने छापलेली अस्सल प्रत आहे. खात्री करायची तर लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि बोस्टनचं ललित कला संग्रहालय यांच्या संकेतस्थळांवर कुनियोशीची चित्रं मोठी करून बघता येतात. तिथली रेघ आणि तुमची रेघ एकाच जागी वळते का, एकाच जागी तुटते का, ते ताडून बघा. नव्याने कोरलेल्या ठशात रेघ कितीही नक्कल केली तरी कुठेतरी वेगळी वळते.

आणि सोलापुरात कसं आलं? 1893 मध्ये जमशेटजी टाटा आणि जपानी आगबोट कंपनी निप्पोन युसेन काइशा यांनी मुंबई ते जपान बोटी सुरू केल्या. इकडून कापूस जाई. सुताच्या व्यवहारातल्या माणसाच्या हाती मुंबईत जपानी वस्तू येणं त्यानंतर मुळीच नवलाचं राहिलं नाही. आजोबांच्या पावत्या फेकू नका. एखाद्या पावतीवर तारीख आणि दुकान सापडलं तर चित्राचा इतिहास पक्का होईल.

आता जपणूक. लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. पाण्याचा, थिनरचा बोळा फिरवू नका. हे रंग पाण्यातले आहेत, पाण्याने हलतील. फ्रेम करायची तर आम्लमुक्त पुठ्ठा घ्या, काच आणि चित्र यांत अंतर ठेवा आणि चित्र पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवू न देता वरच्या कडेला गव्हाच्या खळीने, पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांवर टांगू द्या. पश्चिमेची भिंत नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळिसावर जातो, आणि तापल्या भिंतीइतकाच थेट उजेडही वाईट. लाल आणि पिवळे आधी उडतात. सर्वांत बरं म्हणजे सपाट फोल्डरमध्ये ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर लागली नाही ना बघा. ट्रंकेत परत ठेवू नका, पत्रा घामेजतो.

प्रश्न : अशा चित्राचे किती येतील? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : प्रत पहिल्या खेपेची की झिजलेल्या ठशाची, कडा शाबूत की कापलेल्या, रंग उडालेला की टिकलेला, यावर किंमत शंभरपट इकडची तिकडे होते. त्यामुळे आकडा मी सांगणार नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही. कुणी फोनवर डॉलरचा भाव सांगून ‘कुरिअर करा’ म्हणालं तर फोन ठेवून द्या.

प्रश्न : जपानी माणसाने चिनी वीर का काढावेत? त्यांच्याकडे स्वतःचे नव्हते का? (विद्यार्थिनी, बार्शी)

उत्तर : भरपूर होते, आणि कुनियोशीने ते मन लावून काढले. धिप्पाड संन्यासी योद्धा बेनकेई आणि पोरसवदा योशित्सुने यांची क्योतोच्या पुलावरची झुंज. अस्वलाशी कुस्ती खेळणारा डोंगरातला पोर किन्तारो. अचाट ताकदीचा धनुर्धर तामेतोमो. घोड्यावरची तोमोए गोझेन. आपल्याकडे भीम-बकासुर पोरांना सांगावा लागत नाही, तशा या गोष्टी तिकडे आजीच्या तोंडून कळलेल्या असत.

चिनी कादंबरीचं जपानीत भाषांतर अठराव्या शतकातच झालं होतं. 1805 पासून बाकिन या लेखकाची आणि होकुसाई या चित्रकाराची सचित्र आवृत्ती निघू लागली आणि वाचकांना वेडच लागलं. पण माझ्या मते कारण आणखी खोल आहे. एदोत शोगुनचं, म्हणजे लष्करी सत्ताधीशाचं, राज्य होतं. कुणी कोणतं कापड वापरायचं, यावरसुद्धा हुकूम निघत. सोळाव्या शतकाच्या अखेरीनंतरच्या सत्ताधाऱ्यांची, त्यांच्या घराण्यांची चित्रं छापायला मनाई होती. अशा शहरातल्या हमालाला, जुलमी अधिकाऱ्यांना बडवणारे 108 बंडखोर भिंतीवर लावायला मिळाले. चिनी आहेत, जुने आहेत, मग सरकार कशाला हरकत घेईल? 1842 च्या सुमारास सुधारणांच्या नावाखाली नट आणि गणिका यांच्या चित्रांवर बंदी आली, तेव्हाही वीरांची चित्रं चालूच राहिली.

सरकारला मात्र हे समजत नव्हतं असं नाही. 1843 मध्ये कुनियोशीने एक चित्र केलं. योरिमित्सु हा सेनापती आजारी पडून निजला आहे, मागे एक राक्षसी कोळी जाळं पसरतो आहे आणि अंधारातून भुतांची फौज चाल करून येते आहे. लोकांनी त्यात निजलेला शोगुन आणि गांजलेली रयत वाचली. चर्चा इतकी वाढली की प्रकाशकाने घाबरून प्रती मागे घेतल्या आणि ठसे नष्ट केले. कुनियोशी त्यातून सुटला. सोलापुरात 1930 चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे आठवणाऱ्या घरांतल्या मुलांना, चित्र बघून लोक कुजबुजतात म्हणजे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. तुम्ही बार्शीहून हा प्रश्न विचारलात याचा मला आनंद झाला. चित्र कुणी काढलं यापेक्षा ते कुणी विकत घेतलं आणि का, हे विचारायची सवय अशीच ठेवा.

प्रश्न : माझं सात रस्त्याजवळ टॅटूचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाला ‘नऊ ड्रॅगनवाला जपानी योद्धा’ पाहिजे. नेटवर दहा प्रकारची चित्रं सापडली, एकातही नऊ मोजून मिळत नाहीत. खरं कोणतं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तो योद्धा म्हणजे शी चिन, जपानीत शिशिन. याच कादंबरीतला, याच मालिकेतला. तो जमीनदाराचा मुलगा. शेतीत लक्ष नाही, रात्रंदिवस काठी आणि भाल्याचा नाद. बापाने शेवटी हौस पुरवायची म्हणून चांगला गोंदणारा बोलावला आणि पोराच्या खांद्यांवर, दंडांवर आणि छातीवर मिळून नऊ ड्रॅगन काढून घेतले, असं गोष्टीत आहे. चित्रात माणूस एकाच बाजूने दिसतो, शिवाय अंगावर कपडा असतो, त्यामुळे नऊच्या नऊ मोजून मिळायचे नाहीत. त्यात चूक काही नाही.

कादंबरीत गोंदलेले वीर मोजकेच. कुनियोशीने मात्र हौसेने आणखी कितीतरी जणांची अंगं नक्षीने भरून टाकली, आणि ती चित्रं बघून एदोतले आग विझवणारे आणि मजूर तसंच गोंदवून घेऊ लागले. जपानात अंगभर गोंदण्याची जी मोठी परंपरा पुढे उभी राहिली, तिच्यामागे या मालिकेचा मोठा हात आहे. 1872 मध्ये सरकारने गोंदण्यावर बंदी घातली, ती 1948 पर्यंत टिकली. तरी काम चालूच राहिलं.

तुमच्या कामासाठी दोन गोष्टी. ड्रॅगन सुटा काढून चिकटवल्यासारखा नको. कुनियोशीचा ड्रॅगन दंडाच्या पिळाबरोबर वळतो, खांद्याच्या गोलाईवर त्याची पाठ येते, आणि मधल्या मोकळ्या जागेत ढग किंवा पाणी असतं. आधी गिऱ्हाइकाला हात वर-खाली करायला लावा, स्नायू कुठे फुगतो ते बघा, मग कच्चं काढा. आणि खवल्यांची रेघ सगळीकडे एका जाडीची ठेवू नका. पोटाकडे बारीक, पाठीवर जाड. गिऱ्हाईक नऊचाच हट्ट धरत असेल तर दोन्ही दंड, दोन्ही खांदे आणि छाती मिळून जागा लागेल, एका बैठकीत होणार नाही, हे पैसे ठरवायच्या आधी सांगा.